इंटरनेट रेडिओ सेटिंग विसरतोय? आधी तो नेमकं काय विसरतो ते बघा

इंटरनेट रेडिओची सेटिंग वारंवार पुसली जाऊ लागली की दुकानात पहिलं उत्तर मिळतं ते 'मेमरी आयसी (सेटिंग साठवणारी चिप) गेली'. कधीकधी ते खरंही असतं. पण बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका घरातला रेडिओ यंदाच्या पावसाळ्यात दुरुस्त होईपर्यंत एकाच लक्षणामागे चार वेगवेगळी कारणं निघाली, आणि आयसीचा नंबर सगळ्यात शेवटी लागला. ज्यांच्या घरी असा रेडिओ आहे आणि जो रोज सकाळी ज्येष्ठांना कुणीतरी लावून द्यावा लागतो, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितोय.

आपल्या भागात या रेडिओचं मोल वेगळं आहे. सांगली आकाशवाणी वर्षानुवर्षं १२५१ किलोहर्ट्झवर ऐकणारी घरं इथे पुष्कळ आहेत. घाटाच्या कुशीतल्या गावांत पावसाळा लागला की मध्यमलहरीवर खरखर वाढते आणि एफएम डोंगराआड अडतं. वायफायवर मात्र सांगली, कोल्हापूर, पुणे, मुंबईची अस्मिता वाहिनी आणि धारवाड ही सगळी केंद्रं एका बटणावर येतात. एक नंबर दाबला की सांगली, एवढंच सत्तरी ओलांडलेल्या माणसाला माहीत असतं. त्या बटणावर 'रिकामे' दिसलं की त्यांचा रेडिओच बंद पडलेला असतो.

त्रास सुरू झाला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पावसाबरोबर लाईटीची ये-जा सुरू झाल्यावर. रेडिओ परदेशातून आणलेला, ५ व्होल्ट २ अँपिअरच्या अडॅप्टरवर चालणारा, दहा प्रीसेटचा, म्हणजे आवडीची दहा केंद्रं बटणांवर साठवता येणारा. कधी वायफायचा पासवर्ड पुन्हा मागायचा, कधी प्रीसेट गायब, कधी घड्याळ चुकीचं, आणि एकदोनदा तर भाषा निवडण्यापासून सगळी सुरुवात. हे चारही प्रकार 'विसरला' याच शब्दात सांगितले जातात, आणि घोळ तिथेच होतो. म्हणून रेडिओशेजारी एक वही ठेवली. काय गेलं, आणि जाण्याआधी रेडिओ कसा बंद झाला होता, स्टँडबायवर, भिंतीवरच्या बटणाने की लाईट जाऊन, एवढे दोनच रकाने. या वहीनेच पुढचा सगळा रस्ता दाखवला.

घड्याळाचं कोडं वहीतूनच सुटलं. वेळ बरोबर साडेपाच तास मागे असेल तर रेडिओला इंटरनेटवरून वेळ मिळतेय, फक्त टाइम झोन पुसला गेलाय. वेळेच्या जागी ००:०० किंवा नुसत्या रेघा असतील तर वेळच मिळालेली नाही, म्हणजे दोष नेटवर्कचा. मेनूत 'नेटवर्कवरून वेळ घ्या', टाइम झोन +५:३० आणि डेलाइट सेव्हिंग बंद, असं ठेवायचं. काही रेडिओंत वेळ एफएम किंवा डीएबीवरून (डिजिटल रेडिओ प्रसारणावरून) घ्यायचा पर्याय मुळात निवडलेला असतो. आपल्याकडे त्यावर विसंबून चालत नाही.

पासवर्ड मागण्याचं कारण वहीत आणखी ठळक दिसलं. तो फक्त लाईट येऊन-जाऊन झाल्यावरच मागायचा. रेडिओ अर्ध्या मिनिटात चालू होतो, पण फायबरचा डबा आणि राउटर पूर्ण तयार व्हायला दोन-तीन मिनिटं घेतात. तेवढ्यात रेडिओ ओळखीचं नेटवर्क शोधतो, सापडत नाही, आणि थेट 'नेटवर्क निवडा' हा पडदा पुढे करतो. बघणाऱ्याला वाटतं पासवर्ड गेला. खरं तर तो आत शाबूत असतो. असा पडदा दिसला तर काहीही दाबू नका. पाच मिनिटं थांबा, स्टँडबाय करून पुन्हा चालू करा. आपोआप जोडला गेला तर मेमरीचा काही संबंध नाही. यावर कायमचा इलाज म्हणजे राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस. इथे तो साधारण बाराशे रुपयांना मिळाला. फायबरचा डबा वेगळा असेल तर दोन तोंडांचा घ्यावा, आणि दोन्हींवर लिहिलेले व्होल्ट आधी वाचून घ्यावेत.

राउटरच्या सेटिंगमध्येही तीन गोष्टी नीट करून घेतल्या. बहुतेक जुने रेडिओ फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात, त्यामुळे २.४ आणि ५ चं नाव एकच असेल तर ते वेगळं करावं. सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवावी, कारण नुसतं डब्ल्यूपीए३ असेल तर जुना रेडिओ जोडलाच जात नाही. आणि चॅनेल 'ऑटो'वर न सोडता १, ६ किंवा ११ पैकी एक पक्कं करावं. आपल्याकडे १३ पर्यंत चॅनेल चालतात, पण रेडिओ फॅक्टरी सेटिंगवर गेला आणि त्याचा वायफाय विभाग (कोणत्या देशाचे वायफाय नियम पाळायचे ती सेटिंग) अमेरिकेचा झाला, की त्याला १२ आणि १३ दिसतच नाहीत. काल दिसणारं नेटवर्क आज यादीत नाही, याचं हे एक नेहमीचं कारण. पासवर्डही शक्यतो साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे एवढाच ठेवा. गोल बटण फिरवत एकेक अक्षर टाकणं किती जिवावर येतं ते करणाऱ्यालाच ठाऊक.

एवढं झाल्यावर पासवर्डची कटकट संपली. प्रीसेट मात्र जातच राहिले.

इथे आणखी एक फरक ओळखावा लागतो. बटणावर स्टेशनचं नाव दिसतं पण 'उपलब्ध नाही' असं येतं, की जागाच रिकामी आहे? नाव असेल तर रेडिओची आठवण शाबूत आहे, पत्ता बदललाय. हे रेडिओ स्टेशनची यादी स्वतःजवळ ठेवत नाहीत, एखाद्या सूचीसेवेकडून घेतात. ती सेवा बदलली की जुने प्रीसेट निकामी होतात. फ्रंटियर कंपनीच्या मॉड्युलवर (आतल्या तयार बोर्डावर) चालणाऱ्या रेडिओंची सूची मे २०१९ मध्ये व्हीट्यूनर या सेवेवरून एअरेबल या सेवेवर गेली, तेव्हा जगभरच्या घरांत प्रीसेट नव्याने भरावे लागले. रेसिव्हा नावाची सूचीसेवा तर २०२१ मध्ये बंदच झाली, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या रेडिओंची स्टेशनसूचीच गेली. त्या रेडिओंवर सोल्डरिंग आयर्न चालवून काही उपयोग नाही. आकाशवाणीचे प्रवाह एचएलएस पद्धतीचे, म्हणजे आवाज छोट्या तुकड्यांत पाठवणारे, असतात. ती पद्धत न कळणाऱ्या जुन्या रेडिओत केंद्र यादीत दिसलं तरी वाजत नाही, तोही मेमरीचा दोष नव्हे. इथे मात्र जागा रिकाम्याच होत्या.

जूनच्या अखेरीस कंपनीच्या सेवा विभागाला मेल केला. त्यांनी अनुक्रमांक, सॉफ्टवेअर आवृत्तीचा फोटो, मॅक पत्ता (नेटवर्कवरची रेडिओची ओळख) आणि खरेदीचं बिल मागितलं. आवृत्ती आणि मॅक पत्ता मेनूतल्या 'माहिती' या पानावर मिळतो. फॅक्टरी रीसेट करण्याआधी त्या पानाचा फोटो काढून ठेवावा. जवळपास तीन आठवड्यांनी उत्तर आलं: हमी खरेदीच्या देशापुरती, भारतात दुरुस्तीची सोय नाही, फॅक्टरी रीसेट करून पाहावा. सुट्या आयसीचा विषय त्यांच्याकडे नव्हता, पूर्ण बोर्डच बदलून मिळतो आणि तोही तिकडे पाठवला तर. ती वाट बघणं जड गेलं, कारण घरातलं सकाळचं बातमीपत्र तोवर मोबाईलच्या बारीक आवाजावर चाललं होतं. तरी हा पत्रव्यवहार करून घ्यावा. हमी शिल्लक असताना रेडिओ उघडला तर ती हातची जाते.

हमीचा प्रश्न मिटल्यावर रेडिओ बेळगावला एका जुन्या मेकॅनिककडे नेला. त्यांचं पहिलं वाक्य, "नुसता रेडिओ बघून काय कळतंय ओ? अडॅप्टर आणलासा काय?" हा प्रश्न लाखमोलाचा आहे. रेडिओ दुरुस्तीला नेताना घरचा अडॅप्टरच न्यावा. दुकानातल्या चांगल्या सप्लायवर रेडिओ दिवसभर व्यवस्थित चालतो, आणि घरी आल्यावर पुन्हा तेच.

अडॅप्टर मोकळा मोजला तर ५.१ व्होल्ट. रेडिओ जोडून, वायफायवर स्टेशन लावून, आवाज वाढवून मोजला तर ४.३. मोजमाप असं भाराखालीच करायचं, तेही रेडिओच्या आतल्या जॅकवर. हे ४.३ का वाईट, तर आत ५ व्होल्टचे ३.३ करणारा एएमएस१११७ रेग्युलेटर बसवलेला असतो. त्याला आत-बाहेरच्या व्होल्टमध्ये पूर्ण भारावर १.३ पर्यंत फरक लागतो, म्हणजे किमान ४.६ हवेत. ४.३ आले की ३.३ ची लाइन खाली सरकते, प्रोसेसर अडखळून नव्याने सुरू होतो, आणि नेमकं त्याच क्षणी मेमरीत काही लिहिलं जात असेल तर ते अर्धवट राहतं. पुढच्या वेळी सॉफ्टवेअर मेमरीतला मजकूर चेकसमशी (पडताळणीच्या आकड्याशी) जुळवून बघतं, जुळत नाही, आणि सगळं मूळ सेटिंगवर नेऊन ठेवतं. भाषा निवडण्यापासून सुरुवात व्हायची ती यामुळे.

दुसरी गोष्ट जॅकची. डीसी पिनचे दोन माप बाजारात सर्रास चालतात, ५.५ बाय २.१ आणि ५.५ बाय २.५ मिलिमीटर. बाहेरून दोन्ही सारखेच. २.१ च्या जॅकमध्ये २.५ ची पिन आरामात जाते, पण आत सैल बसते. रेडिओ पुसायला उचलला तरी क्षणभर सप्लाय तुटतो. पिन घातल्यावर हलवून बघा, रेडिओ बंद-चालू झाला तर माप चुकलंय किंवा जॅकचं सोल्डर सुटलंय. नवा ५ व्होल्ट ३ अँपिअरचा, २.१ पिनचा अडॅप्टर २८० रुपयांना मिळाला. अँपिअर जास्त चालतात, व्होल्ट तेवढेच हवेत, आणि आतला भाग धन आहे की ऋण ते रेडिओमागच्या खुणेशी जुळवूनच घ्यायचं. जुना अडॅप्टर उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नये. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकून राहतं.

रेडिओच्या आत जॅकलगतचा १००० मायक्रोफॅरड १० व्होल्टचा कॅपॅसिटर वरून सपाटच होता, फुगलेला नव्हता. काढून मोजला तर ४०० च्या थोडा वर. फुगला नाही म्हणजे चांगला, असं धरून चालू नये. त्याजागी १०५ अंशांचा, कमी ईएसआरचा (आतला रोध कमी असलेला), १६ व्होल्टचा बसवला. किंमत दहा रुपये. हा कॅपॅसिटर लाईट गेल्यावर रेडिओ जिवंत ठेवेल अशी मात्र आशा नको. अर्धा अँपिअर भाराला तो जेमतेम एक मिलीसेकंद तग धरतो. त्याचं काम वायफायच्या झटक्यांना सप्लाय हलू न देणं, एवढंच. सप्लायमधला रिपल (व्होल्टमधला चढउतार) साध्या मल्टिमीटरच्या एसी रेंजवर बघणार असाल तर प्रोबला मालिकेत एक मायक्रोफॅरडचा फिल्म कॅपॅसिटर लावा. स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीही मोजतात आणि भलतेच आकडे दाखवतात.

जुलैअखेर रेडिओ घरी आला. मूळ सेटिंगवर आपोआप जाणं बंद झालं. पण वहीत एक नोंद तशीच येत राहिली: स्टँडबायवरून उठवला तर प्रीसेट जागेवर, प्लग काढून लावला तर सगळे साफ.

ही नोंद फार बोलकी आहे. स्टँडबायमध्ये रेडिओची रॅम (तात्पुरती मेमरी) चालूच असते, म्हणून त्यातले प्रीसेट दिसत राहतात. प्लग काढल्यावर जातात याचा अर्थ ते कायमच्या मेमरीत कधी उतरलेच नाहीत. त्यातही एक चाचणी बाकी राहते. अनेक रेडिओ सेटिंग लगेच न लिहिता स्टँडबायवर जाताना लिहितात. त्याला कारण आहे. फ्लॅश मेमरीचा एक भाग साधारण एक लाख वेळा पुसून लिहिता येतो. दर पाच मिनिटांनी एकाच जागी लिहिलं तर वर्षात १,०५,१२० वेळा होतं, म्हणजे मेमरी वर्षातच संपेल. म्हणून प्रीसेट भरल्यावर रेडिओ आधी त्याच्या बटणाने स्टँडबायवर न्यायचा, अर्धा मिनिट थांबायचं, मगच भिंतीवरचं बटण बंद करायचं. ही सवय घरातल्या सगळ्यांना लावा. कित्येक रेडिओ एवढ्यावरच सुधारतात. हा सुधारला नाही.

ऑगस्टमध्ये बोर्ड पुन्हा उघडला. मुख्य सॉफ्टवेअर मॉड्युलच्या फ्लॅशमध्ये होतं, आणि सेटिंगसाठी शेजारी आठ पायांची वेगळी २४सी६४ ईईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी मजकूर टिकवणारी मेमरी आयसी. आयसी काढण्याआधी तिच्या पायांवरचे व्होल्ट बघितले. आठव्या पायावर ३.३, चौथा ग्राउंड, पाचवा एसडीए (डेटाची तार) आणि सहावा एससीएल (क्लॉकची तार) हे दोन्ही निवांत असताना ३.३. हे दोन खाली बसलेले दिसले तर त्यांचे पुल-अप (तार ३.३ वर ओढून धरणारे) रेझिस्टर बघावेत, ते बहुधा ४.७ किलोओहमचे असतात. सातवा पाय लिहिण्याचं कुलूप. तो शून्यावर असेल तर लिहायला मोकळीक. तिथे ३.३ दिसले म्हणून लगेच दोष ठरवू नये, काही रेडिओंत प्रोसेसर लिहितानाच तो खाली ओढतो. इथे तो शून्यावर होता. पायांवर हिरवट थर होता, तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने साफ केला. खानापूरच्या पावसात उघड्या खिडकीजवळच्या प्रत्येक बोर्डाची ही गत होते. साफ करूनही फरक पडला नाही. आजूबाजूचं सगळं ठीक, म्हणजे आता संशय आयसीवर.

आयसी जागेवर ठेवून प्रोग्रॅमर (आयसी वाचायचं-लिहायचं उपकरण) लावू नये. क्लिपमधून पूर्ण बोर्डालाच सप्लाय जातो, प्रोसेसर अर्धवट जागा होतो आणि वाचन चुकतं. फ्लक्स लावून, शेजारच्या प्लास्टिक कनेक्टरवर उष्णता सहन करणारी काप्टन टेप चिकटवून, हॉट एअरने आयसी उचलली. सीएच३४१ए प्रोग्रॅमरवर ८१९२ बाइट वाचून घेतले, दोनदा. दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्या तरच वाचन खरं धरायचं. ही फाइल जपून ठेवायची, कारण तिच्यात सेटिंगखेरीज रेडिओची ओळख किंवा पॅनेलचं कॅलिब्रेशनही असू शकतं. प्रत हाती आल्यावर आयसीवर सगळीकडे ५५ हा चाचणीचा कोड लिहून पडताळा घेतला, मग एए हा दुसरा. काही पानांवर लिहिलेलं उतरलंच नाही, जुनेच आकडे जसेच्या तसे. एक पान ३२ बाइटचं असतं आणि लिहायला पाचेक मिलीसेकंद लागतात. आयसी 'मिळालं' असा होकार देते, म्हणून पडद्यावर 'प्रीसेट साठवला' दिसतं, पण आत काही टिकत नाही. इतके आठवडे ज्याच्या मागे होतो ते समोर पडद्यावर दिसल्यावर खूप मोकळं वाटलं.

तुमच्या रेडिओत २४ ऐवजी २५ मालिकेची फ्लॅश असेल तर एक सावधगिरी. काळ्या रंगाच्या स्वस्त सीएच३४१ए बोर्डांत सप्लाय ३.३ असला तरी डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. २४सी६४ चे ५.५ पर्यंत चालणारे प्रकार ते सहन करतात, ३.३ ची फ्लॅश मरू शकते.

नवी आयसी बेळगावात हाताशी नव्हती. पुण्याहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून बुधवार पेठेतून मागवली, पंचवीस रुपयांची एक, अशा तीन. एकच मागवू नये. जुन्या आयसी घासून नवे आकडे छापलेला मालही येतो, म्हणून बसवण्याआधी प्रत्येकीवर ००, एफएफ, ५५, एए लिहून पडताळून घेतलं. मग जुनी फाइल नव्या आयसीत भरली आणि आयसी बसवली. आयसीच्या एक नंबर पायाजवळचा ठिपका जुनी आयसी काढण्याआधीच फोटोत टिपलेला असावा. कोरी आयसी बसवली तरी काही रेडिओ चालू होतात, काही पहिल्या पडद्यावरच अडकतात. फाइल असेल तर ही जोखीम राहत नाही. चालू झाल्यावर मेनूतून फॅक्टरी रीसेट केला, म्हणजे जुन्या फाइलमधली बिघडलेली पानं रेडिओ स्वतः नव्याने लिहितो. मजुरी साडेतीनशे रुपये.

प्रीसेट भरण्याआधी टाइम झोन, वायफाय विभाग आणि भाषा ठरवली, सॉफ्टवेअर अपडेटचा प्रश्न आला तो यूपीएस चालू असतानाच होकारला. आवडीची स्टेशनं सूचीसेवेच्या पोर्टलवर (वेबसाइटवर) ठेवली असतील तर ती तिकडे सुरक्षित असतात, रेडिओच्या मेनूतला कोड टाकून पुन्हा जोडावी लागतात. बटणावरचे प्रीसेट मात्र रेडिओतच राहतात, ते हातानेच भरायचे. आधी एकच प्रीसेट भरला, स्टँडबाय, अर्धा मिनिट, प्लग बाहेर, रात्रभर तसाच. सकाळी लावला तर एक नंबरवर सांगली. मग उरलेले नऊ.

गणपतीच्या आठवड्यात लाईट बऱ्याचदा गेली, पण वहीत नवी नोंद झाली नाही. प्रीसेटचे आकडे, केंद्रांची नावं, वायफायचा पासवर्ड आणि टाइम झोन एका कागदावर लिहून तो रेडिओच्या पाठीला चिकटवलाय. ईईप्रॉमची फाइल पेनड्राइव्हवर, उरलेल्या दोन आयसींच्या पाकिटातच.